साठ अश्वशक्ती, नऊ माणसं आणि तेरा पिचचा पंखा

प्रश्न थोडक्यात असा आहे. अमेरिकेतल्या मिनेसोटात राहणाऱ्या एकांनी बावीस फुटी, दोन नळ्यांची जुनी पाँटून बोट घेतली आहे, म्हणजे हवेनं भरलेल्या दोन लांब नळ्यांवर तरंगणारा सपाट मंच. मागे बाहेरून टांगलेलं मर्क्युरी कंपनीचं ६० अश्वशक्तीचं चार-स्ट्रोक इंजिन, म्हणजे आउटबोर्ड, गिअर १.८३ (इंजिनाच्या १.८३ फेऱ्यांमागे पंख्याची एक), आणि त्यावर तीन पात्यांचा, १३ पिचचा ॲल्युमिनियमचा पंखा, म्हणजे प्रोपेलर. नवरा-बायको दोघंच असली की बोट ताशी २४ मैलांपर्यंत जाते, इंजिन मिनिटाला ५,३०० फेऱ्या दाखवतं. नऊ जण बसले की थ्रॉटल पूर्ण दाबूनही ४,९०० च्या पुढे काटा सरकत नाही आणि वेग १९ मैलांवर अडकतो. दुकानदार सांगतो, स्टेनलेस स्टीलचा पंखा घ्या. शेजारी सांगतो, पिच वाढवा म्हणजे वेग वाढेल. ऐकायचं कोणाचं?

दोघांचंही नको. पिच वाढवायचं नाही, कमी करायचं आहे, आणि तेही चांगलं दोन-तीन इंचांनी. स्टीलचे पैसे तूर्त खिशात राहू द्या. पण पंखा विकत घ्यायच्या आधी एक शनिवार मोजमापात घालवा, कारण मला शंका आहे की तुमच्या बोटीवर नऊपेक्षा जास्त ‘माणसं’ बसलेली आहेत. ते कसं, ते पुढे सांगतो.

मी मूळचा मालवणचा. आमच्याकडे प्रोपेलर कोणी म्हणत नाही, पंखाच म्हणतात, त्यामुळे इथेही मी पंखाच लिहिणार. वडिलांची मासेमारीची बोट होती. नवा पंखा बसवून पहिल्यांदा समुद्रात गेलं की ते वेग बघायचे नाहीत, कान देऊन इंजिन ऐकायचे. “पंखो जड पडलो काय इंजिन रडता,” एवढंच बोलायचे. तुमचं इंजिन ४,९०० वर रडतंय.

या इंजिनाची पूर्ण थ्रॉटलची फेऱ्यांची मर्यादा ५,५०० ते ६,००० आहे. पुस्तिकेत ती लिहिलेली असते आणि बहुतेक जण ते पान उघडत नाहीत. कारखान्यानं ‘६० अश्वशक्ती’ म्हटलंय ते या पट्ट्यातलं. ४,९०० वर अडकलेलं इंजिन तुम्हाला साधारण पन्नासच्या आसपास देतं. म्हणजे आधीच कमी शक्तीची बोट, आणि त्यातलीही दहा-एक अश्वशक्ती तुम्ही उघडतच नाही. एसटी फोंडा घाट चढताना ड्रायव्हर वरच्या गिअरवर हट्टानं बसून राहिला तर काय होईल? गाडी धापा टाकेल, धूर ओकेल आणि मागचा ट्रक पुढे निघून जाईल. खालचा गिअर टाकला की इंजिन मोकळं होतं आणि गाडी चढते. आउटबोर्डला गिअर एकच असतो. खालचा गिअर टाकायचा म्हणजे कमी पिचचा पंखा लावायचा.

पिच म्हणजे पंख्यानं एका फेरीत किती इंच पुढे जायला हवं ते. लाकडात स्क्रू फिरवावा तसा पंखा पाण्यात फिरला असता, पाणी जराही मागे सरकलं नसतं, तर १३ पिचचा पंखा एका फेरीत तेरा इंच पुढे गेला असता. प्रत्यक्षात पाणी सरकतं, त्यामुळे तो त्याहून कमी जातो. ही तूट म्हणजे स्लिप. पंख्यावर ‘१०.५ × १३’ असं काही कोरलेलं असेल तर पहिला आकडा व्यासाचा, दुसरा पिचचा. दोन्ही इंचांत.

शेजाऱ्याचं म्हणणं कागदावर बरोबर आहे. एका फेरीत जास्त इंच, म्हणजे जास्त वेग. पण त्यात एक गृहीत दडलेलं आहे, की इंजिन तितक्याच फेऱ्या देईल. ते देणार नाही. पिच एक इंच वाढवलं की पूर्ण थ्रॉटलला साधारण १५० ते २०० फेऱ्या कमी होतात आणि एक इंच घटवलं की तेवढ्याच वाढतात. तुम्ही १५ पिच लावलंत तर नऊ माणसांसह काटा साडेचार हजारांकडे उतरेल. वेग वाढणं सोडा, आहे तोही जाईल. शिवाय जड पंख्याखाली सतत पूर्ण थ्रॉटल देऊन दाबलेलं इंजिन आतून तापतं, सिलिंडरमधला दाब वाढतो, नॉकिंग सुरू होतं, कार्बन धरतो. चार-स्ट्रोक इंजिन शांत असतं, त्यामुळे हा छळ बाहेर ऐकू येत नाही. जुनी टू-स्ट्रोक निदान आरडाओरडा तरी करायची.

आता मोजमाप. नेहमी जितकी माणसं घेऊन जाता तितकी घ्या, आइसबॉक्स भरलेला, टाकी निदान अर्धी. दोघांनी फिरून घेतलेले आकडे मला नकोत, कारण पंखा निवडायचा तो भरलेल्या बोटीसाठी. वारा कमी असेल अशी सकाळ बघा. एक फेरी वाऱ्याच्या दिशेनं, एक उलट, आणि दोन्हींची सरासरी घ्या. वेग फोनच्या जीपीएसवर बघा. डॅशबोर्डवरचा जुना स्पीडोमीटर पाण्याच्या दाबावर चालतो, त्याची नळी चिखलानं बुजलेली असते आणि तो मनाला येईल ते सांगतो. प्रत्येक फेरीत ट्रिम, म्हणजे इंजिनाचा कल, थोडा थोडा वर घेत जा. वेग वाढायचा थांबेल किंवा पंखा हवा खेचायला लागेल तिथून जरा खाली आणा आणि त्या जागी आकडे लिहा.

फेऱ्यांच्या काट्यावरही डोळे झाकून विश्वास नको. जुन्या टॅकोमीटरच्या पाठीवर एक छोटं बटण असतं, इंजिनाच्या आल्टरनेटरला किती पोल आहेत ते सांगणारं. ते चुकीच्या खुणेवर असेल तर काटा ठाम आणि साफ खोटं बोलतो. मी स्वतः एकदा अर्धा दिवस तीन पंखे बदलत बसलो होतो. आकडे काही केल्या जुळेनात. शेवटी टॅकोमीटर काढून पाहिला तर बटण भलत्याच खुणेवर. गिऱ्हाईक शेजारीच उभं होतं, त्यामुळे शिव्या मनातच दिल्या. तुमचं इंजिन फ्युएल-इंजेक्शनचं असेल तर कोणा मेकॅनिककडून डायग्नॉस्टिक लावून एकदा पडताळून घ्या. पाच मिनिटांचं काम आहे.

आकडे हाती आले की हिशेब सोपा आहे. फेऱ्या गुणिले पिच, आणि त्याला भागायचं ‘गिअर गुणिले १,०५६’ नं. उत्तर ताशी मैलांत येतं. तारकर्लीत किंवा तापोळ्याला बसून हे वाचणाऱ्यांनी १,०५६ च्या जागी ६५६ घ्यावं, म्हणजे ताशी किलोमीटर मिळतील. तुमचं बघू. ४,९०० गुणिले १३ म्हणजे ६३,७००. १.८३ गुणिले १,०५६ म्हणजे सुमारे १,९३२. भागाकार ३३ मैल. पंखा ३३ मैलांनी पाणी ढकलतोय आणि बोट १९ नं जातेय. स्लिप ४२ टक्के. दोघंच असताना तीच साधारण ३३ टक्के येते.

स्लिप शून्य कधीच नसते आणि असूही नये. पाणी मागे ढकललं तरच बोट पुढे जाणार. वेगवान बोटीवर ती दहा-पंधरा टक्के असते, पाँटूनवर वीस-पंचवीस म्हणजे चांगलं चाललंय. तिशीच्या पुढे गेली की पंखा लहान पडतोय, हवा खेचतोय किंवा बोट फार जड झाली आहे, यातलं काहीतरी आहे. बेचाळीस म्हणजे बहुधा दोन गोष्टी एकदम.

म्हणून आधी वजन. हे मी प्रत्येकाला सांगतो आणि प्रत्येक जण मान हलवून पंख्याच्या किमती विचारतो.

१९५० च्या दशकाच्या सुरुवातीला याच मिनेसोटातल्या रिचमंड गावच्या अँब्रोस वीअर्स नावाच्या शेतकऱ्यानं लोखंडी पिंपं एकाला एक जोडून दोन रांगा केल्या, वर लाकडाचा मंच ठोकला आणि तळ्यात सोडला. पाँटूनचा धंदा तिथून उभा राहिला. पिंपांच्या जागी ॲल्युमिनियमच्या नळ्या आल्या, पण तत्त्व तेच राहिलं. नळीत हवा आहे तोवर ती बोट उचलते. नळीत पाणी शिरलं की ती ओझं होते. एखादी वेल्ड चिरते, तळाला दगड घासतो, निचऱ्याच्या बुचाचा वॉशर जातो आणि पाणी झिरपत राहतं. बोट बुडत नाही, कारण नळीत बहुधा आडवे पडदे असतात, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. तुमच्या नळ्या २५ इंची धरल्या तर वीस फुटांच्या एका नळीचं पोट सुमारे १,९०० लिटरचं आहे. तिच्या तळाशी फक्त दहा सेंटिमीटर पाणी साचलं, म्हणजे वीतभरही नाही, तरी ते जवळजवळ १९० किलो होतं. अडीच माणसं. तिकीट न काढता बसलेली.

बोट ट्रेलरवर चढवा, पुढचा भाग उंच करा आणि नळ्यांची मागची बुचं काढा. बूच नसेल तर रबरी हातोडीनं तळाशी ठोकत जा. पाणी असलेल्या जागी आवाज भरीव येतो. माझ्याकडे एक गृहस्थ आले होते, त्यांनी एका उन्हाळ्यात तीन पंखे घेतले होते, तिसरा तर चांगलाच महाग. डाव्या नळीतून पाणी निघायला लागलं ते आमचा चहा होईपर्यंत निघतच होतं. नंतर त्यांचा पहिलाच पंखा परत लावला आणि बोट चालली.

नळ्या बाहेरूनही बघा. मिनेटॉन्का तळ्यात २०१० साली झेब्रा शिंपले सापडले, आणि आता मिनेसोटातल्या बऱ्याच तळ्यांत ते आहेत. सगळा मोसम पाण्यात राहिलेल्या बोटीच्या पोटाला त्यांचा खरबरीत थर बसतो. नुसतं हिरवं शेवाळ असलं तरी एक-दोन मैल खातं. कोकणात पावसाळ्यात बोटी वर ओढल्या की आधी बूड खरवडतात, मग बाकीचं काम. तीच शिस्त इथेही हवी. तळं सोडताना बुचं काढून बोटीतलं पाणी काढून टाकणं मिनेसोटात कायद्यानंच सक्तीचं आहे, तेव्हा तपासणीसाठी वेगळा मुहूर्त शोधायला नको.

आणि मंचावरचं सामान? मागच्या मालकानं बसवलेला बार, दोन जादा बॅटऱ्या, भिजून जड झालेलं प्लायवूड आणि गालिचा. यातलं काय काढता येईल ते तुम्हीच ठरवा. वजन सरकवून तरी बघा. सगळी मंडळी पुढच्या सोफ्यावर बसली की नळ्यांची नाकं पाण्यात घुसतात आणि बोट नांगर ओढल्यासारखी चालते. दोघांना मागे बोलावून एक फेरी मारा, फरक लगेच दिसेल. यासाठी दमडीही लागत नाही.

एवढं करूनही आकडे सुधारले नाहीत, असं धरून पंख्याकडे येऊ. १३ वरून १० पिचवर गेलात तर तीन इंचांमागे ४५० ते ६०० फेऱ्या वाढतील. भरलेली बोट ५,३५० ते ५,५०० वर येईल, दोघंच असताना ५,७५० ते ५,९००. भरलेली बोट पट्ट्याच्या उंबरठ्यावर, दोघंच असताना पट्ट्याच्या आत. दोघं असतानाचा कमाल वेग आहे तितकाच राहील, कदाचित मैलभर कमी होईल. भरलेल्या बोटीचा वेग वाढेल, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे थ्रॉटल दिल्यावर बोट लगेच उठेल. बोटीमागे रबरी ट्यूबवर पोरांना ओढायचं असेल तर हे लगेच जाणवतं.

लोक इथे घाबरतात की एकटं असताना फेऱ्या ६,००० च्या वर गेल्या तर? हात जरा मागे घ्यायचा, दुसरं काही नाही. इंजेक्शनच्या इंजिनांना मर्यादेच्या थोडं वर फेऱ्या रोखणारा रेव्ह लिमिटर असतोच. जड पंखा मात्र इंजिनाला प्रत्येक मिनिटाला छळतो आणि त्यावर लिमिटर नसतो. थोडा हलका पंखा आणि थोडा जड पंखा यांत निवड करायची वेळ आली तर पाँटूनवर मी डोळे मिटून हलका घेतो. अर्थात ८ पिच लावून दोघं असताना सतत लिमिटरवर आदळत फिरायचं, असंही नको.

आता व्यास, आणि माझ्या मते खरी मेख इथेच आहे. पाँटूनच्या मालकाला आपली बोट स्पीडबोटीची धाकटी बहीण वाटते, कारण मागचं इंजिन तसंच दिसतं. पण माणसांनी भरलेली पाँटून ही आमच्या मासेमारीच्या बोटीच्या जातीची आहे. जड, संथ, रेटत जाणारी. ट्रॉलरचा पंखा बघितलाय का कधी, बोट किनाऱ्यावर ओढलेली असताना? भला मोठा, रुंद पात्यांचा, आणि मध्ये गिअर टाकून इंजिनापेक्षा बराच सावकाश फिरवलेला. जाळं ओढायला वेग लागत नाही, रेटा लागतो. थोडं पाणी जोरात मागे फेकण्यापेक्षा पुष्कळ पाणी हळू ढकललं तर तेवढ्याच शक्तीत रेटा जास्त मिळतो. पातळ काठीनं होडी वल्हवून बघा, मग रुंद वल्ह्यानं. हात तेच असतात.

तुमच्या इंजिनाचा अडथळा इथे आहे. १.८३ गिअरच्या लहान गिअरकेसवर (इंजिनाचा पाण्यातला खालचा भाग, ज्यात गिअर असतो आणि ज्याला पंखा लागतो) साडेदहा इंचांच्या आसपासचाच पंखा बसतो आणि इंजिन ५,५०० वर असताना तो मिनिटाला ३,००० वेळा फिरतो. त्याच ६० अश्वशक्तीच्या मर्क्युरीची कमांड थ्रस्ट नावाची आवृत्ती येते, तिचा गिअर २.३३ आहे. गिअरकेस मोठी, त्यामुळे तेरा-चौदा इंची पंखा बसतो आणि तो साधारण २,३६० फेऱ्याच घेतो. चौदा इंची पंख्याचं वर्तुळ साडेदहा इंचीच्या जवळजवळ पावणेदोन पट आहे. शक्ती तीच, पण भरलेल्या पाँटूनवर दोन इंजिनांत जमीन-अस्मानाचा फरक पडतो. यामाहातही असंच आहे, एफ-६० चा गिअर १.८५ आणि टी-६० चा २.३३. सुझुकीनं तर डीएफ-६०ए ला सरळच २.२७ दिलाय. पुढेमागे जुनं ६० चं इंजिन बघायला गेलात तर तास किती चाललं हे विचाराच, पण त्याआधी गिअर कोणता ते विचारा. पाँटूनवर ते जास्त मोलाचं आहे.

तोपर्यंत, तुमच्या गिअरकेसमध्ये बसेल तेवढ्यातला जास्तीत जास्त व्यासाचा आणि रुंद पात्यांचा १० पिच शोधा. एकाच कंपनीच्या यादीत पिच कमी होत जातं तसा व्यास बहुधा किंचित वाढत जातो. ते मुद्दामच असतं.

तीन पाती की चार? पाँटूनला चार मला आवडतात. पात्यांचं क्षेत्रफळ वाढतं, पकड वाढते, स्लिप घटते. वळताना किंवा लाटेत पंखा हवा खेचतो ते कमी होतं. धक्क्याला लावताना रिव्हर्स दिल्यावर बोट खरंच थांबते, ज्याची किंमत शेजाऱ्याच्या नव्या बोटीवर आदळल्याशिवाय कळत नाही. थरथरही कमी. बदल्यात त्याच पिचला पन्नास ते दीडशे फेऱ्या उतरतात, आणि अगदी वरचा अर्धा-एक मैल जातो. तेव्हा चार पाती घेतलीत तर १० च्या वर जाऊ नका. सप्टेंबरातल्या लेबर डेच्या सुट्टीत दहा जणांना घेऊन जाणं हाच मुख्य उपयोग असेल तर ९ सुद्धा चालेल.

दुकानदाराच्या स्टीलबद्दल. स्टील वाईट नाही. पाती पातळ घडवता येतात आणि जोर आला की वाकत नाहीत, ॲल्युमिनियमची थोडी वाकतात. १५० अश्वशक्तीच्या, तीन नळ्यांच्या बोटीवर हा फरक दिसतो. ६० अश्वशक्तीवर, वीस मैलांवर, तुम्ही तो मोजू शकणार नाही, आणि किंमत मात्र कितीतरी पट. शिवाय ॲल्युमिनियमचं पातं दगडावर आपटलं की वाकतं किंवा तुटतं आणि भांडण तिथेच मिटतं. स्टील वाकत नाही, तो धक्का पुढे सरकवतं. मध्ये हब असतो खरा, पण मोठ्या दणक्याला शाफ्ट आणि गिअरचीही परीक्षा होते. तळ्यात दगड आणि बुडालेले ओंडके असतील तर दोन ॲल्युमिनियमचे पंखे घ्या, एक मागे आणि एक सीटखाली. बरोबर पाना, नट आणि पिन. चुकीच्या पिचचा स्टीलचा पंखा हा फक्त महाग चुकीचा पंखा असतो.

हबचं आलंच आहे तर तेही तपासा. पंख्याच्या मधल्या रबरी किंवा प्लास्टिकच्या भागाला हब म्हणतात, आपटला की तो सरकावा अशी रचना असते. जुना झाला की दगडाविनाच सरकायला लागतो. मग थ्रॉटल दिला की फेऱ्या झपकन वर जातात आणि बोट मात्र जागची हलत नाही. तुमच्या फेऱ्या अडकताहेत, त्यामुळे तुमचं दुखणं हे नव्हे. पण जुनी बोट आहे, तर हबच्या आतल्या आणि बाहेरच्या भागावरून खडूची एक सरळ रेघ ओढून ठेवा. फिरून आल्यावर रेघ तुटलेली दिसली तर हब गेला.

पंखा हवा खेचतोय का, याकडे नीट बघायला हवं, कारण ४२ टक्क्यांत त्याचा हात असू शकतो. लोक याला कॅव्हिटेशन म्हणतात, पण बहुतेक वेळा ते पृष्ठभागावरून हवा ओढली जाणं असतं. वळण घेताना किंवा लाटेवर इंजिन अचानक किंचाळतं आणि रेटा जातो, तेच ते. पंख्याच्या वर जी आडवी चपटी पट्टी असते ती बोट धावत असताना पाण्याच्या पातळीशी हवी. मागे वाकून बघा, अर्थात दुसऱ्या कोणाच्या तरी हातात स्टिअरिंग देऊन. पट्टी पूर्ण उघडी असेल तर इंजिन उंच बसलंय. हातभर पाण्याखाली असेल तर उगाच गिअरकेसचा मोठा भाग पाण्यातून ओढला जातोय. ब्रॅकेटला वर-खाली भोकं असतात, एक भोक म्हणजे पाऊण इंच. दोन नळ्यांच्या पाँटूनवर मी इंजिन स्पीडबोटीपेक्षा थोडं खोलच ठेवतो, कारण लाटेत मधलं पाणी खाली-वर होतं. पण तुमच्या बोटीवर नेमकं कुठे, ते तुमच्या तळ्यावरच ठरेल.

कॅलिफोर्निया-कोलोरॅडोच्या मंडळींसाठी एकच ओळ: समुद्रसपाटीपासून दर हजार फुटांमागे इंजिन साधारण तीन टक्के शक्ती गमावतं. लेक टाहो सुमारे ६,२०० फुटांवर आहे, तिथे तुमचं ६० हे ५० च झालेलं असतं. पिच आणखी एक-दोन इंच खाली.

पंखा विकत घेण्याआधी उसना मिळतो का ते विचारा. बरेच चांगले पंखेवाले नेमका आकडा ठरेपर्यंत वापरून बघायला देतात, बदलूनही देतात, फक्त पात्याला ओरखडा नको. आहे त्याच पंख्याचं पिच इंचभर कमी-जास्त करून देणारी दुकानंही आहेत. पण तुम्हाला तीन इंच हवेत आणि जुना ॲल्युमिनियम तेवढा मुरगळला की चिरतो, तेव्हा तो जादा म्हणून ठेवा.

आणि पंखा बदलूनही समाधान झालं नाही तर? मग खरं बोलावं लागेल. पंखा शक्ती निर्माण करत नाही, असलेली पाण्यापर्यंत पोहोचवतो. बावीस फुटी, दोन नळ्यांची बोट नऊ माणसांसह ६० अश्वशक्तीवर ताशी वीस-एकवीस मैलांच्या पुढे जाईल, असं मी तुम्हाला सांगणार नाही, आणि सांगणाऱ्याकडून काही विकत घेऊ नका. त्याहून जास्त हवं असेल तर बोटीवरच्या पाटीवर कमाल अश्वशक्ती किती लिहिली आहे ते बघा. ९० लिहिलेलं असेल तर पुढच्या मोसमासाठी पैसे त्या दिशेनं साठवा. मंचाखाली ॲल्युमिनियमचा पत्रा नसेल तर तो मारून घ्या, आडव्या तुळयांवर आदळणारं पाणी कमी झालं की मैल-दोन मैल मिळतात, आणि ते इंजिनापेक्षा स्वस्त आहे. तिसरी नळी जोडण्याचा विचार येईलच. ती वजन पेलते, पण स्वतःही वजन आणि घर्षण घेऊन येते, ६० वर तिच्याकडून वेगाची आशा नको.

शेवटचं, जुना पंखा काढाल तेव्हा घाई करू नका. इग्निशनची किल्ली आणि सेफ्टीची दोरी काढून खिशात ठेवा, गिअर न्यूट्रलला. शाफ्टवरचे वॉशर कोणत्या क्रमानं आणि कोणत्या तोंडानं बसलेत त्याचा फोटो काढा, पुढचा थ्रस्ट वॉशर उलटा किंवा विसरून बसवलेला मी दर उन्हाळ्यात एकदा तरी बघतो. मग पंख्यामागे शाफ्टभोवती नीट बघा. तळ्यात गळ टाकणारे असतील तर तिथे नायलॉनची दोरी गुंडाळलेली सापडण्याची शक्यता फार आहे. ती ऑइल सील कापते आणि गिअरकेसमध्ये पाणी शिरतं, तेल दुधाळ होतं. दोरी सापडली तर तेलाचा खालचा स्क्रू जरासा सैल करून दोन थेंब बघाच. शाफ्टच्या दात्यांना ग्रीस लावा, नट पुस्तिकेत दिलेल्या टॉर्कला आवळा.

नवे आकडे कळवा. आणि नळीतून किती पाणी निघालं, तेही.